शिक्षा वाढली, जरब कोठे?

रस्त्यावर एखाद्याचा जीव घेणाऱ्या चालकाला शिक्षा किती व्हावी, हा प्रश्न दर काही वर्षांनी एखाद्या महागड्या मोटारीच्या निमित्ताने ऐरणीवर येतो. मोर्चे निघतात, सरकार कठोर कारवाईची ग्वाही देते आणि यथावकाश सारे शांत होते. पुण्यातील कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव पोर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हाही हेच घडले. चालक अल्पवयीन होता. अवघ्या काही तासांत त्याला जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटींमध्ये तीनशे शब्दांच्या निबंधाचा समावेश होता. त्या निबंधाने देशभर संताप उसळला. परंतु या प्रकरणातील खरी चिंतेची बाब निबंधाहून वेगळी होती. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना आणि त्या मुलाच्या पालकांना अटक करावी लागली. कायद्यात शिक्षा कितीही लिहिलेली असो, पुरावाच उरला नाही तर ती द्यायची कोणाला?

या प्रश्नाचे मूळ जुने आहे. भारतीय दंड संहिता १८६० ची. तिच्यात निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याबद्दलचे ३०४ (अ) हे कलम १८७० मध्ये घालण्यात आले. त्या वेळी देशातील रस्त्यांवर मोटार नव्हती. कमाल दोन वर्षे कैद किंवा दंड एवढीच शिक्षा असलेले हे जामीनपात्र कलम दीडशे वर्षे जसेच्या तसे राहिले. रस्ते बदलले, वाहनांचा वेग बदलला, बळींची संख्या लाखाच्या घरात गेली. शिक्षेचा आकडा मात्र हलला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका निकालात या कलमातील शिक्षेचा फेरविचार करावा, असे कायदे करणाऱ्यांना सुचवले. तोपर्यंत न्यायालयांनी दुसरी वाट शोधली होती. ती म्हणजे सदोष मनुष्यवधाचे कलम, ३०४ भाग दोन. आपल्या कृत्याने मृत्यू ओढवू शकतो याची जाणीव आरोपीला होती, हे सिद्ध झाले तर तेथे दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे.

मुंबईतील कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली. सात जण ठार आणि आठ जखमी झाले. सत्र न्यायालयाने २००७ मध्ये निष्काळजीपणाच्या कलमाखाली सहा महिन्यांची शिक्षा दिली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचे कलम लावून ती तीन वर्षांवर नेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती कायम केली. एवढेच नव्हे, तर ही शिक्षा तोकडी आहे, पण सरकारने वाढीसाठी अपीलच केलेले नाही, असेही नमूद केले. याउलट, अभिनेता सलमान खान याच्यावरील २००२ च्या वांद्रे येथील अपघाताच्या खटल्यात कोणते कलम लावावे यावरच वर्षानुवर्षे काथ्याकूट झाला. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने आरोप निःसंशय सिद्ध झाले नाहीत म्हणून त्याची निर्दोष मुक्तता केली. एका खटल्यात सहा महिन्यांची तीन वर्षे होतात, दुसऱ्यात पाच वर्षांचे शून्य होते. ‘जाणीव’ या एका शब्दाच्या अर्थावर आणि तपासाच्या दर्जावर किती काही अवलंबून असते, हे यातून दिसते.

एक जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ही दरी काही अंशी बुजवली. कलम १०६ (१) नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास आता पाच वर्षांपर्यंत कैद आहे. गुन्हा मात्र जामीनपात्रच राहिला. कलम १२५ खाली गंभीर दुखापतीची कमाल शिक्षा दोनवरून तीन वर्षे झाली. कलम १०६ (२) अधिक कठोर होते. मृत्यूस कारणीभूत होऊन पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात होती. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ च्या आरंभी देशभरातील मालमोटारचालकांनी चक्का जाम केला. पेट्रोल पंपांवर रांगा लागताच सरकारने माघार घेतली आणि संहिता लागू करणाऱ्या अधिसूचनेतून नेमके हेच उपकलम वगळण्यात आले.

चालकांची भीती अगदीच निराधार नव्हती. अपघातस्थळी थांबले तर जमाव जिवंत सोडेल याची हमी नाही, हे त्यांचे म्हणणे होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येही जमावाच्या प्रक्षोभाचा अपवाद मान्य केलेला आहे. तथापि, दुसरी बाजूही तितकीच विदारक आहे. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील तीस हजारांहून अधिक जणांचा जीव घेणारे वाहन थांबलेच नाही. पळून जाणे हा मद्यप्राशनाचा पुरावा नष्ट करण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. काही तासांनी रक्तात मद्याचा अंश उरत नाही. म्हणूनच थांबणाऱ्यास संरक्षण आणि पळणाऱ्यास जबर शिक्षा, असा दुहेरी नियम हवा होता. यांपैकी पहिला भाग कायद्याच्या भाषेत स्पष्ट झाला नाही आणि त्यापायी दुसराही लटकला.

अल्पवयीन चालकांबाबतही अशीच कोंडी आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९ (अ) आले; त्यानुसार पालकास किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. परंतु मुलाला प्रौढ म्हणून खटल्यास सामोरे नेण्यासाठी गुन्हा ‘निर्घृण’ ठरावा लागतो, म्हणजे त्यास किमान सात वर्षांची शिक्षा असावी लागते. सदोष मनुष्यवधाच्या कलमात अशी किमान मर्यादा नाही. पुण्याच्या प्रकरणात बाल न्याय मंडळाने जुलै २०२५ मध्ये पोलिसांची ही मागणी फेटाळली.

या साऱ्या चर्चेत जखमी आणि मृतांचे आप्त हरवतात. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा शोध लागला नाही, तर मृताच्या वारसांना दोन लाख आणि गंभीर जखमीस ५० हजार रुपये भरपाईची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्तांना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडविरहित उपचारही देय झाले. पाठीचा कणा मोडलेल्या तरुणाला मात्र पुढचे आयुष्य या रकमांवर काढता येत नाही आणि त्याच्या बाबतीतल्या गुन्ह्याची कमाल शिक्षा तीन वर्षेच आहे.

दोनाची पाच वर्षे झाली, हे स्वागतार्हच. पण जरब शिक्षेच्या लांबीतून कमी आणि तिच्या खात्रीतून अधिक निर्माण होते. अपघातानंतर रक्ताचा नमुना तातडीने आणि छेडछाड होणार नाही अशा पद्धतीने घेणे, शास्त्रीय तपास, साक्षीदारांना संरक्षण आणि ठरावीक मुदतीत निकाल या चार गोष्टींसाठी चक्का जाम होण्याची भीती नाही आणि नवी संहिताही लागत नाही. लागते ती इच्छाशक्ती. तिच्याअभावी पाचाची दहा वर्षे केली, तरी पदपथावर झोपणाऱ्याची रात्र पूर्वीइतकीच असुरक्षित राहील.