रबराचा गज

कापडाच्या दुकानात आपल्याकडच्या गृहिणीची नजर रंगापेक्षा मापाच्या पट्टीवर अधिक असते. चार बोटे कापड कमी वाटले, तर ती पुन्हा मोजायला लावते आणि दुकानदारही निमूटपणे मोजतो. तीच गृहिणी, आणि मागे पिशव्या धरून उभे असलेले तिचे यजमानही, मुलाच्या बुद्धिमापनाचा अहवाल हाती आला की त्यातला आकडा देवाच्या कौलासारखा शिरोधार्य मानतात. ‘पुन्हा मोजा पाहू’ असे तिथे कुणी म्हणत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी आपल्या जुळ्या मुलांचे असे दोन कागद मला आणून दाखवले. थोरल्याचा बुद्धिगुणांक ११८, धाकट्याचा ११२. थोरल्याला सायन्सला घालायचे, धाकट्याला कॉमर्स पुरे, असा निकालही त्यांनी देऊन टाकला होता. सहा गुणांवर दोन आयुष्यांची वाटणी! धाकटा दारापाशी उभा राहून ऐकत होता. मी कागद उलटसुलट करून पाहिले. हे माप किती हलते, याविषयी त्यांत एक ओळही नव्हती.

माप हलते म्हणजे काय? त्याच मुलाला तीच चाचणी पुन्हा दिली, तर आकडा किती जवळपास येईल, याला मानसशास्त्रात विश्वसनीयता म्हणतात. ती शून्य ते एक अशा प्रमाणात सांगतात. चांगल्या बुद्धिचाचणीची विश्वसनीयता ०.९० किंवा त्याहून वर असते. ऐकायला हे झकास वाटते. पण उरलेल्या दहा पैशांची करामत पाहा. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ अशा चाचणीत विश्वसनीयता ०.९० असली, तरी प्रत्येक आकड्यामागे सुमारे पावणेपाच गुणांची प्रमाण-चूक राहते. ११८ चा अर्थ ‘बहुधा १०९ ते १२७ च्या दरम्यान कुठेतरी’ एवढाच. दोन मुलांची तुलना केली की दोघांच्या चुका एकत्र येतात. अगदी सारख्या बुद्धीच्या दोन मुलांतही सहा किंवा अधिक गुणांचे अंतर, नुसत्या योगायोगाने, तीनांत एकदा तरी पडणारच. मी हे सगळे गृहस्थांना सांगितले. ते म्हणाले, “अहो, पण आकडा छापील आहे!”

छापील आकड्यांचा हा दरारा शाळेपासूनच सुरू होतो. अमेरिकेत १९१२ साली स्टार्च आणि इलियट या दोघांनी इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती अनेक हायस्कुलांतील शिक्षकांकडे तपासायला धाडल्या. १४२ जणांनी गुण पाठवले. कुणी ६४ दिले, कुणी ९८. भाषेचा विषय असा सैलच, असे लोक म्हणाले, तेव्हा पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीचा पेपर धाडला. तिथली तफावत याहूनही मोठी निघाली! कुणी आकृतीच्या नीटनेटकेपणाला गुण दिले, कुणी नाही.

संशोधकांनाही हे दुखणे फार जुने. इंग्लंडात स्पिअरमनने १९०४ सालीच दाखवले की मापे डळमळीत असली म्हणजे दोन गोष्टींतला खरा संबंधही फिका दिसतो. १९१० साली त्याने आणि ब्राऊनने, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, चाचणी लांबवली की ती किती भरवशाची होते याचे सूत्र दिले. ०.६० ची चाचणी त्याच जातीच्या प्रश्नांनी दुप्पट केली की ०.७५ वर जाते. प्रामाणिक उपाय, पण कष्टाचा. मग १९५१ साली क्रॉनबाखने ‘अल्फा’ रूढ केला. तो एकाच बैठकीत निघतो, म्हणून प्रबंधकारांचा भारी लाडका. मात्र ‘आपण आनंदी आहात का? प्रसन्न आहात का? खुशीत आहात का?’ असे एकच विचारणे तीन वेषांत पुढे केले, की अल्फा फुगतो. पुढच्या आठवड्यात तोच माणूस काय उत्तर देईल, हे मात्र त्यातून कळत नाही.

बरे, माप न हलणारे असले, तरी ते हव्या त्या गोष्टीचे आहे असेही नाही. फितीने डोक्याचा घेर दहादा मोजा, दहादा तेवढाच भरेल. म्हणून त्यावरून कुणाची अक्कल ठरवता येत नाही.

शिवाय विश्वसनीयता काही चाचणीच्या अंगावर कायमची गोंदलेली नसते. ती ज्या मुलांवर काढली, त्यांच्यापुरती असते. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिनेच्या चाचण्या मराठी आणि कानडी मुलांसाठी नव्याने बेतल्या आणि त्या कामावरचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध केले. परक्या मुलांचे अंगरखे आपल्या मुलांना जसेच्या तसे चढवायचे नाहीत, एवढी काळजी तेव्हाही घेतली गेली होती. तेव्हा अहवाल हाती येईल त्या दिवशी परीक्षकांना खुशाल विचारावे: ही विश्वसनीयता कोणत्या भाषेतल्या, कोणत्या वयाच्या मुलांवर, कोणत्या साली काढली? प्रमाण-चूक किती? जाणता परीक्षक रागावत नाही. कपाटातली पुस्तिका काढतो आणि पान उघडून समोर ठेवतो.