निव्वळ क्षमतेचा प्रश्न

मेमरी कार्डाच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘६४ जीबी’ असे छापलेले असावे आणि तेच कार्ड संगणकात घालताच पडद्यावर ५९.६ च्या आसपासचा आकडा उमटावा, हे पाहून मापात पाप झाल्याची जी भावना सामान्य गिऱ्हाइकाच्या मनात उत्पन्न होते, ती सर्वस्वी यथार्थ नसली, तरी अज्ञान म्हणून ती झिडकारण्याचा अधिकार कोणाही उत्पादकास पोहोचत नाही.

या तफावतीचे मूळ मोजणीच्या दोन रीतींत आहे. उत्पादकाच्या लेखी एक गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट. विंडोज प्रणाली मात्र १०२४ च्या पटीने मोजते आणि तिच्या हिशेबी एक गिगाबाइट १,०७,३७,४१,८२४ बाइटांचे भरते. किलोबाइटांच्या काळी या दोन मापांतील अंतर अडीच टक्क्यांच्याही आत होते. गिगाबाइटला ते सात टक्क्यांवर गेले आणि टेराबाइटला दहाच्या घरात पोहोचले, म्हणूनच १ टीबीची हार्ड डिस्क संगणकावर ९३१ जीबीची दिसते. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ साली या दुसऱ्या मापास ‘गिबिबाइट’ असे स्वतंत्र नाव दिले आणि ॲपलने २००९ पासून मॅक संगणकांवर दशमान मोजणी स्वीकारली. विंडोज मात्र मोजते गिबिबाइट आणि लिहिते जीबी. तेव्हा शास्त्रदृष्ट्या उत्पादकाचा पक्ष बळकट आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु शास्त्रशुद्ध असणे निराळे आणि गिऱ्हाइकाला नीट सांगणे निराळे. अमेरिकेत याच तफावतीवरून वेस्टर्न डिजिटल कंपनीवर दावा गुदरण्यात आला व २००६ साली ग्राहकांना सॉफ्टवेअर विनामूल्य देण्याच्या बोलीवर त्यात तडजोड झाली.

वेष्टनाच्या मागील बाजूस भिंगाखाली धरावा लागेल अशा अक्षरांत ‘प्रत्यक्ष उपलब्ध क्षमता कमी असू शकते’ हा खुलासा असतो. किती कमी, हे त्यात सांगितलेले नसते. आपल्या देशात चहापुडीवरील वजन वेष्टन वगळून, म्हणजे निव्वळ, लिहावे लागते आणि त्या आकड्यांची उंची किती असावी हेही २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनी ठरवून दिले आहे. कार्ड हे नगावर विकले जाते. परंतु गिऱ्हाईक पैसे मोजते ते नगासाठी नव्हे, साठवणीसाठी. सबब ‘६४ जीबी’च्या शेजारी, तितक्याच ठळक अक्षरांत, ‘संगणकावर दिसणारी क्षमता सुमारे ५९ जीबी’ असे छापण्याची सक्ती शासनाने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यास खर्च नाही आणि कोणाचे न्याय्य हित त्याने बुडत नाही.

या संदिग्धतेचा खरा लाभ उठवतात ते बनावट कार्डांचे व्यापारी. कार्डातील नियंत्रक चिपमध्ये खोटी माहिती भरली, की ३२ जीबीचे कार्ड स्वतःस १ टीबीचे म्हणवू लागते. संगणकही तोच आकडा निमूटपणे दाखवतो, आणि खरी जागा संपल्यावर नवी छायाचित्रे जुन्यांवर लिहिली जातात किंवा नुसती नावापुरती उरतात. तालुक्याच्या गावी लग्नसमारंभ टिपणाऱ्या छायाचित्रकाराला हे कळते तेव्हा वऱ्हाड परत गेलेले असते आणि तो समारंभ पुन्हा घडवून आणणे कोणाच्याही हाती नसते. हा तफावतीचा नव्हे, उघड लबाडीचा मामला आहे आणि त्यास दंडाचेच उत्तर योग्य.

तूर्त गिऱ्हाइकाने एवढे करावे: बाजारभावाच्या मानाने विलक्षण स्वस्त कार्ड घेऊ नये, पक्की पावती मागून घ्यावी, महत्त्वाच्या कामाआधी ‘एच२टेस्टडब्ल्यू’सारख्या विनामूल्य साधनाने कार्ड एकदा काठोकाठ भरून वाचून पाहावे, आणि माल खोटा निघाल्यास मुकाट्याने न बसता राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.