पैसे भरलेत म्हणून वाळवंट ऐकत नाही

आज जरा भांडायचा मूड आहे. आणि सुरुवात स्वतःपासूनच करतो.

दोन वर्षांपूर्वी हापिसातले आम्ही सहा जण ओमानला गेलो होतो. मस्कत, सूर, वाळूच्या टेकड्या, समुद्र, सगळं पाच दिवसांत. एक्सेल शीटमध्ये तासातासाचा प्लॅन. चौथ्या दिवशी वादी शाब. वादी म्हणजे डोंगरातली नदीची घळ. तिथे आधी होडीने पलीकडे जायचं, मग पाऊण तास चालायचं आणि शेवटी पोहत एका गुहेत शिरायचं. एकदम फोटोजेनिक प्रकरण!

सकाळी आमचा ओमानी ड्रायव्हर लांबच्या डोंगरांवरचे ढग बघून मोडक्या हिंदीत म्हणाला, "आज नहीं." आमच्या डोक्यावर लख्ख ऊन. आमच्यातला एक जण लगेच उसळला, "पैसे भरलेत आम्ही! रिव्ह्यू कसा देतो बघच." लाज वाटते सांगायला, पण मीही मान डोलावत होतो. ड्रायव्हर काही हलला नाही. मग सूरला लाकडी गलबतं बांधतात ते बघितलं, चहा प्यायलो. रात्री त्याचेच पैसे कापायची चर्चाही झाली..

त्या दिवशी वादीला पूर आला का? माहीत नाही. आणि हाच तर मुद्दा आहे. योग्य वेळी मागे फिरलेल्या माणसाला आपण बरोबर होतो हे कधीच सिद्ध करता येत नाही.

त्या डोंगरांवर माती नाहीच, नुसता कातळ. पाऊस वर कुठेतरी पडतो आणि खाली, निरभ्र आकाशाखाली, पाण्याचा लोंढा येतो. वाहत्या वादीत मुद्दाम गाडी घातली तर ओमानमध्ये तुरुंगवाससुद्धा होऊ शकतो. उगाच नाही. एप्रिल २०२४ च्या पुरात तिथे वीसच्या आसपास माणसं गेली, त्यात शाळकरी मुलंही होती.

समुद्राचंही तेच. जुलै २०२२ मध्ये सलालाहजवळ मुगसैलच्या किनाऱ्यावर कुंपण ओलांडून खडकांवर गेलेले भारतीय पर्यटक लाटेने ओढून नेले. त्या दिवसांत तिथे जो वारा समुद्र खवळवतो, तोच आपल्या कोकणात मान्सून आणतो. आपला कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी किनाऱ्यावर ओढून ठेवतो. त्याला कोणी भित्रा म्हणतं का? मग आपल्याच अंगात तिकडे जाऊन काय संचारतं?

बरं, खऱ्या साहसवीरांचं बघा. बर्ट्राम थॉमस हा रुब अल् खाली वाळवंट ओलांडणारा पहिला युरोपियन. सलालाहहून निघून दोह्याला पोचला. कधी? १९३०-३१ च्या हिवाळ्यात, आणि तेही बेदुइन वाटाड्यांच्या भरवशावर. पाणी कुठे, थांबायचं कधी, हे ठरवणारे ते. आपण मात्र टायरमधली हवा कमी करून टेकडीवर गाडी उडवली, की आपल्याला साहस केल्यासारखं वाटतं. गाडी दुसऱ्याने चालवली, निर्णय दुसऱ्याने घेतले, आपण फक्त व्हिडिओ काढला.

कोणी म्हणेल, "मग काय घरीच बसायचं?" अजिबात नाही. जरूर जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा, एक दिवस मोकळा ठेवा, म्हणजे 'आज नको' ऐकल्यावर पोटात गोळा येणार नाही. शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनला हात लावू नका म्हणणाऱ्या सीनियरला आपण शहाणा म्हणतो. रोलबॅक प्लॅनशिवाय रिलीज करत नाही. तीच अक्कल विमानात बसताना घरी विसरतो, कारण तिथे आपण 'कस्टमर' असतो.

'नाही' म्हणणं ही त्या ड्रायव्हरची सर्व्हिसमधली खोट नव्हती. तीच खरी सर्व्हिस होती. पैसे आम्ही शेवटी कापले नाहीत, पण आभारही मानले नाहीत.

ते राहूनच गेलं.