धुके दरीतले की संचातले?

लोणावळ्याच्या पावसाळ्याचे चित्रीकरण ही कोणत्याही पडद्याची कठीण परीक्षा आहे. ओल्या बेसॉल्टचे कडे जवळजवळ काळे, त्यांवरून कोसळणारे धबधबे पांढरेशुभ्र आणि या दोहोंच्या मध्ये दाटलेले राखाडी धुके! असे चित्रीकरण शाळेतल्या मोठ्या दूरचित्रवाणी संचावर लावले आणि सारी दरी फिकट, दुधाळ दिसली, तर विद्यार्थी म्हणतील, ‘‘केवढे हे धुके!’’ पण ते धुके खरोखर दरीत होते, की चित्रफीत दाखवणारा प्लेअर आणि संच यांची मापे न जुळल्यामुळे आले होते? नुसते पडद्याकडे पाहून हे सांगता येत नाही. म्हणूनच वर्गात संच वापरण्यापूर्वी ही मापे जुळवून घेणे, हे सूक्ष्मदर्शकाची काच पुसून घेण्याइतकेच आवश्यक आहे, असे माझे मत आहे.

ही मापे कोणती, ते आधी पाहू. अंकीय चित्र म्हणजे ठिपक्यांचा समूह. प्रत्येक ठिपका किती उजळ, हे एका अंकाने सांगितले जाते. आठ बिटांच्या पद्धतीत ० पासून २५५ पर्यंत २५६ अंक मिळतात. संगणक ० ला पूर्ण काळा आणि २५५ ला पूर्ण पांढरा मानतो. या मापाला ‘फुल’ म्हणतात. दूरचित्रवाणीची रीत निराळी. तिच्यात काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५. या मापाचे नाव ‘लिमिटेड’.

दूरचित्रवाणीने दोन्ही टोकांचे अंक का बरे सोडले? १९८२ साली, म्हणजे दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले त्याच वर्षी, अंकीय दूरचित्रवाणीसाठी ६०१ क्रमांकाची आंतरराष्ट्रीय शिफारस स्वीकारली गेली. विद्युत्संकेत एकदम काळ्यावरून पांढऱ्यावर जातो तेव्हा तो नेमक्या जागी थांबत नाही. किंचित पुढे जाऊन मागे येतो. पाण्याची घागर आपण काठोकाठ भरत नाही. हिंदकळले तरी पाणी सांडू नये म्हणून थोडी जागा ठेवतो. तशीच जागा येथे दोन्ही टोकांना ठेवली आहे.

दोन्ही मापे आपापल्या जागी बरोबर आहेत. लिमिटेडचे फुल करायचे असेल, तर अंकातून १६ वजा करून २५५/२१९ ने गुणावे, इतके हे सोपे आहे. घोटाळा होतो तो पाठवणारा एक माप धरतो आणि घेणारा दुसरे, तेव्हा. पूर्वी गावोगावी पायलीचे माप निराळे असे. एका गावच्या पायलीने मोजलेला तांदूळ दुसऱ्या गावच्या पायलीने मोजला, तर धान्य तेवढेच राहून हिशेब मात्र चुके. येथेही तसेच होते.

समजा, प्लेअर लिमिटेड पाठवतो आणि संच ते फुल समजतो. काळ्याचा १६ हा अंक संचाला राखाडी वाटतो आणि पांढऱ्याचा २३५ मळकट. सारे चित्र फिकट पडते. हेच ते खोटे धुके! आता उलट समजा. प्लेअर फुल पाठवतो आणि संच ते लिमिटेड समजतो. मग ० ते १६ हे सतरा अंक एकाच काळ्यात बुडतात आणि २३५ ते २५५ हे एकवीस अंक एकाच पांढऱ्यात विरतात. म्हणजे अडतीस छटांच्या दोनच उरल्या, छत्तीस गेल्या.

पहिला दोष डोळ्याला खुपतो. दुसरा मात्र लबाड आहे. त्यात काळे अधिक काळे व पांढरे अधिक पांढरे दिसते आणि पाहणारा म्हणतो, ‘‘वा, काय झकास चित्र आहे!’’

यात नुकसान काय होते, ते मावळातल्याच उदाहरणाने पाहू. कार्ल्याचे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे चैत्यगृह प्रसिद्ध आहे. दर्शनी भागातील नालाकृती गवाक्षातून प्रकाश आत येतो आणि थेट मधल्या भागावर व स्तूपावर पडतो. खांबांच्या मागचे चिंचोळे मार्ग मात्र अंधारात राहतात. छताच्या कमानीला लाकडी फासळ्या आहेत. दोन्ही बाजूंच्या खांबांवर शिल्पे आहेत. स्तूपामागचे खांब मात्र साधे, अष्टकोनी आहेत. हा फरक चित्रफितीत नोंदला जातो तो गडद छटांमध्येच. त्या छटा संचाने गिळल्या, तर विद्यार्थ्याला स्तूपामागे नुसता काळोख दिसेल आणि तेथे पाहण्यासारखे काही नाही, असे तो समजेल. जे दिसत नाही त्याबद्दल प्रश्नही पडत नाही. खरे नुकसान हे आहे.

काही जण म्हणतील, ‘‘संचावर ब्राइटनेसची सोय आहे ना? ती वाढवावी म्हणजे झाले.’’ पण एकदा एकच झालेल्या सतरा छटा ब्राइटनेस वाढवून पुन्हा वेगळ्या होत नाहीत. सगळा काळोख सारखाच राखाडी होतो. दुसरे कोणी म्हणतील, ‘‘फुल म्हणजे पूर्ण, मग तेच चांगले नाही का?’’ नाही. येथे ‘फुल’ हे मापाचे नाव आहे, गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र नव्हे. ‘‘ऑटो ठेवले की यंत्रे आपापसांत पाहून घेतात,’’ असेही सांगितले जाते. एचडीएमआय केबलमधून चित्राबरोबर मापाची सूचना पाठवण्याची सोय आहे, हे खरे. परंतु प्रत्येक यंत्र ती पाठवतेच आणि प्रत्येक संच ती मानतोच, असे नाही.

या बाबतीत जुनी पद्धत अधिक काटेकोर होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील केंद्रामुळे त्याचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. त्या संकेतात सेकंदाला १५,६२५ रेषा असत आणि प्रत्येक रेषेबरोबर काळ्याची पातळी ठरवण्याचा संदर्भही येई. माप मालाबरोबरच येत असे. आता ते दोन वेगवेगळ्या यंत्रांच्या सेटिंगमध्ये विभागले गेले आहे, म्हणून लक्ष आपल्याला द्यावे लागते.

यासाठी प्रत्येक शाळेने एक साधा प्रयोग करावा. संगणकावर चित्र काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये ०, ४, ८, १२, १६, २० आणि २४ अशा अंकांच्या उभ्या राखाडी पट्ट्या शेजारी शेजारी काढा. दुसऱ्या चित्रात २३१ पासून २५५ पर्यंत चार-चारच्या अंतराने तशाच पट्ट्या काढा. संचाचे ब्राइटनेस व कॉन्ट्रास्ट मूळ स्थितीत आणा, खोलीत अंधार करा आणि चित्रे लावा. पहिल्या पाच पट्ट्या एकजीव दिसल्या, तर छटा गिळल्या जात आहेत. सर्व पट्ट्या वेगळ्या दिसल्या, तरी प्लेअर किंवा संच यांपैकी एकाचेच माप बदलून पाहा. ० ची पट्टी अधिक गडद झाली आणि पट्ट्या तरीही वेगळ्या राहिल्या, तर आधी खोटे धुके होते, असे समजा. पट्ट्या वेगळ्या दिसतात आणि काळाही गडद आहे, अशी जोडी योग्य. काही यंत्रे स्थिरचित्राला एक आणि चित्रफितीला दुसरी वागणूक देतात. म्हणून या पट्ट्यांची छोटी चित्रफीत करून तीही तपासावी.

दोन्हीकडे लिमिटेड ठेवा किंवा दोन्हीकडे फुल. महत्त्व जुळण्याला आहे. चित्रपट व चित्रफिती बहुधा लिमिटेड मापातच साठवलेल्या असतात, म्हणून प्लेअरसाठी दोन्हीकडे लिमिटेड ही सोयीची निवड आहे. योग्य जोडी सापडली, की ती कागदावर लिहून संचामागे चिकटवावी.

उत्पादकांकडूनही एक अपेक्षा आहे. हेच माप एका संचावर ‘ब्लॅक लेव्हल’, तर दुसऱ्यावर ‘व्हिडिओ रेंज’ या नावाने दिलेले असते. कोठे ‘लो’ आणि ‘नॉर्मल’, तर कोठे ‘लिमिटेड’ आणि ‘फुल’. वजनमापांच्या गोंधळातून बाहेर पडण्यासाठी आपल्या देशाने १९५६ मध्ये कायदा करून मेट्रिक पद्धत स्वीकारली. मग पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्याला सर्वांनी एकच नाव द्यावे, ही मागणी जास्तीची म्हणता येणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तराजूने तोलण्यापूर्वी त्याची दोन्ही पारडी समान आहेत ना, हे आपण पाहतो. पडदा हेही आता वर्गातले एक मोजमापाचे साधन झाले आहे. त्यावर दिसणाऱ्या दरीविषयी, लेण्याविषयी किंवा एखाद्या पेशीविषयी मत बनवण्यापूर्वी त्याचे काळे आणि पांढरे एकदा तपासून घ्या.