पॅकेज कितीचं ते कळलं, झोप किती तासांची?

"तीन वर्षांत चाळीस माणसांची कंपनी सहाशेवर गेली." हे वाक्य माझ्या दवाखान्यात एकाच बाकावर बसलेल्या दोघांनी दोन सुरांत सांगितलं. वडिलांनी अभिमानाने, मुलाने थकून.

मुलगा मालेगाव तालुक्यातला. (आपलं वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव, नाशिककडचं नव्हे. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) वय २९, पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. तक्रार काय, तर अ‍ॅसिडिटी. बीपी निघालं १५४/१००. दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतलं, तरी जवळपास तेवढंच. पुढे तपासण्या केल्या. ट्रायग्लिसराइड ३८०, सोनोग्राफीत यकृतावर चरबी, कंबर ९८ सेंटिमीटर. आईवडील दोघांनाही बीपी नाही, शुगर नाही. वडील साठीचे, अजून शेतात जातात, त्यांचं बीपी मुलापेक्षा चांगलं.

"झोपतोस किती वाजता?" असं विचारलं तर म्हणाला, "फिक्स नाही सर."

असे रुग्ण आता अपवाद राहिलेले नाहीत. कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, मानोरा, कुठल्याही तालुक्यातली दहा-वीस मुलं-मुली आज पुणे, हैदराबाद, बंगळुरूला असतात. शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्समध्ये बसून शनिवारी सकाळी घरी येतात आणि आई त्यांना माझ्याकडे घेऊन येते. केस गळतात, मान आखडते, छातीत धडधडतं, पाळी अनियमित झाली, वजन वाढलं. प्रत्येक तक्रारीला वेगळी गोळी देता येते. पण त्या सगळ्या तक्रारींच्या मागचं कारण बऱ्याचदा एकच असतं, आणि ते रक्ताच्या रिपोर्टमध्ये लिहून येत नाही. म्हणून आज थोडं कंपनीबद्दल बोलू.

झपाट्याने वाढणारी टेक्नॉलॉजी कंपनी म्हणजे काय, हे मला या मुलांनीच समजावलं. अशा कंपनीत आधी काम येतं आणि माणसं नंतर येतात. ग्राहक वाढतात, गुंतवणूकदारांना पुढच्या तिमाहीचे आकडे हवे असतात, आणि नवी भरती होऊन ती माणसं तयार होईपर्यंत मधला भार आहेत त्यांच्यावर पडतो. भरती होते तोवर काम आणखी पुढे गेलेलं असतं. मॅनेजर स्वतःच २८ वर्षांचा, त्यालाही "नाही" म्हणायची सवय नाही. रोज सकाळी उभ्याने मीटिंग, दर दोन आठवड्यांनी कामाचा हिशेब. शिवाय "ऑन-कॉल" नावाचा प्रकार. आमच्या इमर्जन्सी ड्युटीसारखाच, फक्त रुग्णाच्या जागी सर्व्हर. रात्री तीन वाजता बंद पडला की फोन वाजणार.

त्यात ग्राहक अमेरिकेचा असेल तर घड्याळाचं गणित पाहा. हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ. कॅलिफोर्नियाचे सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. त्यांचा दिवस सुरू होतो तेव्हा आपल्या मुलाची मीटिंग सुरू होते. ती संपल्यावर मेंदू लगेच झोपत नाही. मग मोबाईलवरून बिर्याणी मागवली जाते, ती बाराला येते, आणि झोप दोनला.

या नोकऱ्यांनी आपल्याकडच्या घरांचं भलंही केलं आहे, हे मी रोज पाहतो. कर्ज फिटलं, बहिणीचं शिक्षण झालं, पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. रिसोड तालुक्यातली मुलगी स्वतःच्या नावावर पुण्यात फ्लॅट घेते, हे वीस वर्षांपूर्वी कुणी ऐकलं नसतं. शिवाय कामात शिकायला मिळतं, आपण बनवलेली गोष्ट लाखो लोक वापरतात याची एक झिंगही असते. "सर, दमतो, पण मजा येते," असं सांगणारेही भेटतात आणि ते खोटं बोलत नाहीत. त्यामुळे "सोडून दे ती नोकरी" हा सल्ला मी देत नाही. द्यायला सोपा आहे, पण हप्ते मला भरायचे नाहीत.

पण शरीराचंही एक घड्याळ असतं आणि त्याला पगारवाढ कळत नाही. निरोगी माणसाचं बीपी झोपेत साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतं. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांती. झोपच चार-पाच तासांची, तीही तुकड्यातुकड्यांत असेल, तर हे उतरणं पुरेसं होत नाही. हळूहळू दिवसाचं बीपीही चढं राहू लागतं. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन वाढतं आणि पोट भरल्याची सूचना देणारं लेप्टिन कमी होतं. म्हणून रात्री जागणाऱ्याला काकडी नाही, चिप्स आठवतात. रात्री उशिरा शरीर साखरही नीट हाताळत नाही. तीच पोळी-भाजी दुपारी खाल्ली तर एक परिणाम, रात्री बाराला खाल्ली तर वेगळा. जास्तीची साखर चरबी होऊन यकृतात साठते.

हैदराबाद विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या ३४५ आयटी कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ८४ टक्के लोकांच्या यकृतावर वाजवीपेक्षा जास्त चरबी आढळली आणि ७१ टक्के लोक लठ्ठ होते. एका शहराचा छोटा अभ्यास आहे, तो जसाच्या तसा सगळ्यांना लावू नये. पण माझ्या टेबलावर येणाऱ्या सोनोग्राफीच्या रिपोर्टांकडे पाहून मला त्या आकड्याचं आश्चर्य वाटलं नाही. यात दारूचा भाग किती, हेही विचारावं लागतं. आईला बाहेर पाठवून विचारावं लागतं.

किती तास काम केलं म्हणजे जास्त? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मे २०२१ मध्ये याचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त. २०१६ या एका वर्षात जगभरात अशा दीर्घ कामाच्या तासांमुळे अंदाजे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले, असा त्यांचा हिशेब आहे. घाबरून जायचं कारण नाही. तिशीतल्या माणसाचा मूळ धोका कमीच असतो आणि कमीचे ३५ टक्के वाढले तरी कमीच. पण हीच गत पंधरा-वीस वर्षं चालली तर तो माणूस पंचेचाळिशीला कुठे असेल, याचा विचार करायला हवा.

दुसरीकडे, नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सुचवलं. मूर्तींबद्दल मला आदर आहे. १९८१ मध्ये पुण्यात दहा हजार रुपयांच्या भांडवलावर सुरू झालेली इन्फोसिस पुढे काय झाली, हे जगाने पाहिलं. पण गणित मांडू या. सहा दिवसांत ७० तास म्हणजे दिवसाला पावणेबारा तासांच्या आसपास. हिंजवडीला जाण्यायेण्याचे दोन तास धरा. उरतात जेमतेम दहा. त्यात अंघोळ, जेवण, आईला फोन, कपडे, बाजारहाट आणि झोप. पुढे जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी तर ९० तासांची भाषा केली. स्वतः उभारलेल्या किंवा स्वतः चालवत असलेल्या कंपनीसाठी झटणं वेगळं. तिथे कधी थांबायचं हे त्या माणसाच्या हातात असतं. ज्याच्या हातात तेच नाही, त्याला तेवढेच तास सांगणं वैद्यकीयदृष्ट्या मला चुकीचं वाटतं. काम आपल्या हाताबाहेर असणं हा ताणाचा मोठा भाग असतो.

जुलै २०२४ मध्ये पुण्यात २६ वर्षांच्या एका चार्टर्ड अकाउंटंट मुलीचा नोकरीला लागल्यापासून चार महिन्यांत मृत्यू झाला. ती कंपनी सॉफ्टवेअरची नव्हती, पण आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र बाहेर आलं तेव्हा आयटीतल्या हजारो मुलांना ते आपलंच वाटलं. मृत्यू कामामुळेच झाला असं दुरून म्हणणं डॉक्टर म्हणून मला योग्य वाटत नाही. मात्र त्या महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या आयांच्या प्रश्नांचा सूर बदलला, एवढं नक्की.

मालेगावच्या त्या मुलाचे वडील मला म्हणाले होते, "आमी काय कमी राबलो काय जी? सोंगणीच्या वक्ती पहाटे चारपासून." खरं आहे. ताण म्हणजे काय, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. पण सोंगणी महिन्याभरात आटोपते. त्या राबण्यात हातपाय चालतात, घाम निघतो आणि रात्री अंथरुणाला पाठ लागली की डोळा लागतो. मुलाची सोंगणी बारा महिने चालते, तीही खुर्चीत बसून, आणि शेत रात्री फोन करून उठवतं. दोघांच्या कष्टांची तुलना करून मुलाला गप्प बसवू नका, एवढंच मी त्यांना सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग मुलाला म्हणाले, "मंग सांगाचं ना आधी."

ही मुलं सांगत नाहीत, ही माझी मोठी काळजी आहे. गावात पॅकेजचा आकडा आधीच पोचलेला असतो. त्या आकड्यामागे "मला झेपत नाही" हे वाक्य अडकून बसतं. पालकांनो, फोनवर "जेवलास का" विचारता तसं "काल किती वाजता झोपलास" हेही विचारा. आणि उत्तर ऐकून लगेच उपदेश करू नका, नाहीतर पुढच्या वेळी उत्तर खोटं मिळेल.

त्या मुलाला मी बीपीची गोळी लगेच दिली नाही. महिनाभर घरी बीपी मोजून लिहायला सांगितलं, मीठ आणि रात्रीचं बाहेरचं खाणं कमी करायला सांगितलं. शिवाय एक चिठ्ठी दिली: उच्च रक्तदाब, रात्रीच्या ऑन-कॉल ड्युट्या कमी कराव्यात. त्याला वाटत होतं की मॅनेजर हसेल. मॅनेजरने ड्युट्या महिन्यात आठवरून तीनवर आणल्या. सगळीकडे असं होत नाही. एका मुलीची अशीच चिठ्ठी तिच्या कंपनीने बाजूला ठेवली आणि तिने सहा महिन्यांनी कमी पगाराची दुसरी नोकरी धरली. पण न मागता मिळण्याची शक्यता शून्य असते. कंपनीच्या वेलनेस वेबिनारपेक्षा अशी एक चिठ्ठी जास्त उपयोगी पडते, असं माझं मत आहे. (ते वेबिनारही बहुधा संध्याकाळी सातला असतात आणि त्यानंतर मीटिंग.)

अशा नोकरीत असाल तर पंचविशीनंतर वर्षातून एकदा बीपी, कंबरेचा घेर, उपाशीपोटी साखर किंवा एचबीए१सी, लिपिड प्रोफाइल आणि यकृताच्या तपासण्या करून घ्या. कंबर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली असेल तर वजन काट्यावर ठीक दिसलं तरी मी ते ठीक मानत नाही. रात्रीची मीटिंग टळत नसेल तर जेवण तिच्या आधी उरकून घ्या. ऑन-कॉलच्या आठवड्यात एनर्जी ड्रिंक नको आणि दुपारी चारनंतर कॉफी नको.

छातीत दाब येणं, घाम फुटून डावा हात किंवा जबडा दुखणं, अचानक तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं किंवा एक हात-पाय लुळा पडणं, यात वयाचा विचार करू नका आणि अ‍ॅसिडिटी समजून झोपू नका. जवळचं मोठं रुग्णालय गाठा, १०८ ला फोन करा. आणि दोन आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, सकाळी उठावंसंच वाटत नसेल, जगणं नकोसं झालं असेल, तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.