विश्लेषण : गेमिंग कन्सोलचे दिवस भरले का? 'महिना भरा, हवे ते खेळा' योजनेत ग्राहकाच्या हाती काय उरते?

पुणे-सातारा महामार्गावर, नीरा नदीच्या अलीकडे भोर तालुक्यातले सारोळे गाव आहे. समजा, तिथल्या एखाद्या बारावी झालेल्या मुलाने घरी प्लेस्टेशनचा हट्ट धरला. दहा वर्षांपूर्वी प्रश्न एकच असता : घ्यायचा की नाही? आज पर्याय तीन आहेत. पन्नास हजारांच्या पुढचा कन्सोल घ्या, दरमहा पैसे भरून गेम्सची लायब्ररी उघडा किंवा कन्सोल न घेता इंटरनेटवरूनच खेळा. यातला स्वस्त पर्याय कोणता, हे मात्र वाटते तितके सोपे नाही.

कन्सोल महाग का होत आहेत?

कन्सोल बाजारात आला की दोन-तीन वर्षांत स्वस्त होतो, असा आजवरचा अनुभव होता. या पिढीने तो खोटा ठरवला. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० रुपयांवर गेला. अमेरिकेत २०२० साली ४९९ डॉलरला मिळणारा एक्सबॉक्स सिरीज एक्स २०२५ मध्ये दोनदा महागून ६४९ डॉलरवर पोहोचला. चिपचा वाढता खर्च आणि अमेरिकेतले आयात शुल्क यांचा भार त्यामागे आहे. त्यात २०२५ च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटर्सची मागणी वाढल्याने मेमरी चिपही महागल्या.

सबस्क्रिप्शन तरी स्वस्त पडते का?

मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये 'गेम पास' आणला, तेव्हा त्याला 'गेम्सचे नेटफ्लिक्स' म्हटले गेले. फेब्रुवारी २०२४ पर्यंत त्याचे ३ कोटी ४० लाख ग्राहक झाले. सोनीनेही २०२२ मध्ये 'प्लेस्टेशन प्लस'ची तीन स्तरांत फेररचना केली.

अडचण नंतर आली. मायक्रोसॉफ्टने सुमारे ६९ अब्ज डॉलर मोजून 'कॉल ऑफ ड्यूटी'ची मालक असलेली अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही कंपनी २०२३ मध्ये विकत घेतली. वर्षभराने हा गेम पहिल्या दिवसापासून गेम पासमध्ये देणे सुरू केले. जो गेम लोक पूर्ण किंमत देऊन घ्यायचे, तोच सबस्क्रिप्शनमध्ये दिला तर विक्रीचे उत्पन्न घटणार आणि ते कुठून तरी भरून काढावे लागणार. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतात 'अल्टिमेट' योजनेचा दर नव्या ग्राहकांसाठी ८२९ वरून १,३८९ रुपये झाला. खालच्या दोन योजना ६९९ आणि ४९९ रुपयांच्या ठेवल्या.

ऑक्टोबर २०२५ च्या दराने हिशेब करू. १,३८९ रुपये दरमहा म्हणजे वर्षाला १६,६६८ रुपये. मोठा नवा गेम साधारण पाच हजारांना येतो. म्हणजे वर्षात चारपेक्षा कमी नवे गेम खेळणाऱ्याला त्या दरात अल्टिमेट परवडत नव्हती. सतत नवे गेम धुंडाळणाऱ्याला मात्र ती तेव्हाही फायद्याची होती. ४९९ च्या योजनेचे वर्षाला ५,९८८ रुपये होतात, पण तिच्यात गेम्स मोजके असतात आणि नवे गेम पहिल्या दिवशी मिळत नाहीत.

क्लाउडमुळे कन्सोलची गरज संपेल?

क्लाउड गेमिंगमध्ये गेम कंपनीच्या सर्व्हरवर चालतो आणि आपल्या पडद्यावर फक्त त्याचे चित्र येते. आपण दाबलेले बटण सर्व्हरपर्यंत जाऊन परत येते. भारतात एक्सबॉक्सची ही सेवा नोव्हेंबर २०२५ मध्ये सुरू झाली आणि ती तिन्ही योजनांमध्ये मिळते. म्हणजे ४९९ रुपयांत, कन्सोल न घेताही खेळता येते.

पण इंटरनेटचे काय? १० एमबीपीएस वेगाने तासभर खेळले, तर सुमारे साडेचार जीबी डेटा जातो. रोज दीड जीबी देणारे रिचार्ज असेल, तर त्या दिवसाचा डेटा वीस मिनिटांत संपतो. म्हणजे मोबाइल डेटावर क्लाउड गेमिंग जवळजवळ अशक्यच. घरात फायबर किंवा वायफाय हवेच. महामार्गालगतच्या गावाचे एक वेळ जमेल, पण भोर-वेल्ह्याच्या डोंगराआडच्या वाडीत जिथे व्हिडिओ कॉल अडखळतो, तिथे हा पर्याय कागदावरच राहतो. शिवाय फक्त वेग पुरत नाही. संदेश जाऊन येण्याला उशीर लागला, की शत्रूने गोळी झाडल्यावर आपली उडी पडते.

विकत घेतलेला गेम आपला असतो का?

सीडीचा एक फायदा आपल्याकडे चांगलाच वापरला गेला. गेम घ्यायचा, संपवायचा, विकायचा किंवा मित्राशी अदलाबदल करायची. पाच हजारांच्या गेमचे निम्मे पैसे जरी परत आले, तरी तो अडीच हजारांत पडला. सीडी ड्राइव्ह नसलेला प्लेस्टेशन ५ घेताना सुरुवातीला काही हजार रुपये वाचतात, पण ही सोय कायमची जाते.

डिजिटल खरेदीत आपण गेम नव्हे, तो खेळण्याचा परवाना घेतो. युबिसॉफ्टने मार्च २०२४ मध्ये 'द क्रू'चे सर्व्हर बंद केले, तेव्हा पैसे मोजलेल्यांनाही तो खेळता येईना. गुगलने जानेवारी २०२३ मध्ये 'स्टेडिया' ही क्लाउड सेवाच गुंडाळली. तिथे निदान पैसे परत मिळाले. युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहिमेला दहा लाखांवर सह्या मिळाल्या, त्या याच रागातून. सबस्क्रिप्शनमध्ये तर मालकीचा प्रश्नच नाही. हप्ता थांबला, की सगळी लायब्ररी बंद.

मग सबस्क्रिप्शनचा फायदा कोणाला?

इथे पुण्याचे उदाहरण महत्त्वाचे आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा गेम बनवला. भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची ही कथा. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी २०२० मध्ये गेम निन्टेंडो स्विचवर आणि मग इतर कन्सोलवर आला. द गेम अॅवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. २०२१ मध्ये तो गेम पासमध्ये दाखल झाला.

अनोळखी भारतीय गेमसाठी परदेशातला ग्राहक वेगळे पैसे मोजताना दहा वेळा विचार करतो. आधीच भरलेल्या वर्गणीत तो समोर दिसला, तर सहज उघडून बघतो. छोट्या स्टुडिओला ही दारे मोलाची असतात. दुसरी बाजू अशी, की ती कोणासाठी आणि किती काळ उघडी ठेवायची, हे कंपनी ठरवते.

पुढे काय?

कन्सोल लगेच संपणार नाहीत. मायक्रोसॉफ्टने एएमडीसोबत पुढच्या पिढीचे काम जाहीर केले आहे, सोनीही त्याच कंपनीसोबत काम करते आहे आणि निन्टेंडोने जून २०२५ मध्ये स्विच २ आणला. बदलते आहे ते कन्सोलचे स्थान. गेम्सचे एकमेव दार असलेला हा डबा आता अनेक दारांपैकी एक होतो आहे.

सारोळ्यातल्या त्या घराने म्हणूनच तीन गोष्टी तपासाव्यात. घरात वायफाय आहे का? मुलगा वर्षात खरोखर किती गेम संपवतो? आणि जवळपास सीडीची अदलाबदल करणारे कोणी आहे का? वायफाय असेल, तर एक महिन्याची सर्वांत स्वस्त योजना घेऊन क्लाउडवर आधी खेळून बघावे. वायफाय नसेल आणि कन्सोल घ्यायचाच असेल, तर सीडी ड्राइव्ह असलेला घ्यावा. मोठे गेम डाउनलोड करायलाही चांगले इंटरनेट लागतेच. आणि स्वयंचलित नूतनीकरणाचा पर्याय पहिल्याच दिवशी बंद करावा. परीक्षेच्या दोन महिन्यांत एकही गेम उघडला नाही, तरी हप्ता कापला जातोच.