दोन रात्रींचा पाहुणा आणि घरमालकाचे उत्तरदायित्व

आषाढी जवळ आली की पंढरपुरातील अनेक कुटुंबे आपल्याच घराच्या पुढच्या खोल्या रिकाम्या करून मागच्या खोलीत राहावयास जातात. पुढच्या खोल्यांत दिंडी उतरते. गाव तेच, दिंडी तीच, आजोबांच्या काळापासून मुक्कामही तोच. आलेल्याचे नाव वहीत लिहिण्याची गरज कोणाला भासली नाही. कारण घरमालक त्याच छपराखाली असे आणि पाहुण्याला चार माणसे ओळखत असत.

सोलापूर जिल्ह्यात मुक्कामाची ही परंपरा मोठी आहे. पंढरपूरच्या चार वाऱ्या, अक्कलकोटचे स्वामीभक्त, जानेवारीतील सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, शिवाय कर्नाटक आणि मराठवाड्यातून शहरातील रुग्णालयांत येणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक. या सर्वांना दोन-चार रात्रींचे छप्पर लागते. परंतु ते छप्पर देण्याची रीत आता पालटत आहे. सदनिकेचा मालक पुण्यात असतो, आरक्षण मोबाईलवर होते, किल्ली चौकीदाराकडे मिळते आणि पाहुण्याचे तोंडही कोणी पाहत नाही. अशा सदनिकेत रक्त सांडले, तर जाब कोणाला विचारायचा?

हा प्रश्न काल्पनिक नाही. जानेवारी २०२४ मध्ये गोव्यातील कांदोळी येथे भाड्याच्या सदनिकेत उतरलेल्या एका महिलेवर आपल्या चार वर्षांच्या मुलाच्या खुनाचा आरोप आला. ती एकटीच टॅक्सीने निघून गेली. साफसफाईस गेलेल्या कर्मचाऱ्यांना खोलीत रक्ताचे डाग दिसले, येताना सोबत असलेला मुलगा जाताना नव्हता हेही त्यांच्या ध्यानात होते. त्यांनी लगोलग पोलिसांना कळविले आणि टॅक्सी कर्नाटकातील चित्रदुर्ग जिल्ह्यात पोलीस ठाण्याकडे वळविली गेली. तेथे येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष ठेवणारी माणसे होती, नोंद होती, म्हणून हे झाले. किल्ली पायपुसण्याखाली ठेवून जाणाऱ्या घरात ते डाग कोणाला, किती दिवसांनी दिसले असते?

आपला कायदा मालकाला गुन्हेगार ठरविताना एक शब्द फार जपतो. तो म्हणजे 'जाणूनबुजून'. अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, १९५६ असो वा अमली पदार्थविरोधी कायद्याचे (१९८५) २५ वे कलम असो, आपल्या जागेत काय चालते हे ठाऊक असून मालकाने ते होऊ दिले, तरच तो दोषी. बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यात दहशतवाद्याला आसरा देणाऱ्यास किमान तीन वर्षे व कमाल जन्मठेपेची शिक्षा आहे. पण तेथेही जाणीव सिद्ध व्हावी लागते. हे योग्यच आहे. पाहुण्याच्या मनातील पाप ओळखता आले नाही म्हणून सालस गृहस्थाला तुरुंगात धाडणे हा न्याय नव्हे.

मात्र यातून एक मोठी पळवाट निघते. ज्याने काहीच पाहिले नाही, काहीच विचारले नाही, तो सर्वांत सुरक्षित! त्याच्या वाट्याला उरतो तो फक्त आदेशभंग. पोलीस आयुक्त वा जिल्हादंडाधिकारी मुक्कामी व्यक्तींची माहिती कळविण्याचे आदेश काढतात. ते मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली सहा महिन्यांपर्यंत साधा कारावास किंवा अडीच हजार रुपयांपर्यंत दंड. असे आदेश सामान्यतः दोन महिन्यांत संपतात आणि पुन्हा काढावे लागतात. अकरा महिन्यांच्या भाडेकरूसाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने (१९९९) नोंदणीकृत करार सक्तीचा केला आहे. दोन रात्रींच्या पाहुण्याशी असा करार कोण करतो? विदेशी पाहुण्याची माहिती कळविण्याचा नियम आहे, परंतु तो विदेशी पाहुण्यापुरताच.

याहून विचित्र विसंगती नुकसानभरपाईच्या बाबतीत आहे. दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलातून १९९८ साली पाहुण्याची मोटार चोरीस गेली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये निकाल दिला की, मोटार ताब्यात घेतल्यावर हॉटेलची जबाबदारी आहे, 'मालकाच्या जोखमीवर' असे चिठ्ठीवर छापून ती टळत नाही आणि निष्काळजीपणा झाला नाही हे हॉटेलनेच दाखवावे. मोटारीला हे संरक्षण मिळाले. शेजारच्या सदनिकेतील पाहुण्याच्या सुऱ्याला बळी पडलेल्या माणसाच्या कुटुंबाला मात्र दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे मालकाची चूक सिद्ध करीत बसावे लागेल.

अमेरिकेत १९७० पासून न्यायालयांनी असे मानले आहे की, गुन्हा होण्याचा संभव दिसत असताना मालकाने वाजवी खबरदारी घेतली नाही, तर तो उत्तरदायी ठरतो. तरीही कॅलिफोर्नियातील ओरिंडा येथे ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी एका रात्रीसाठी घेतलेल्या घरात शंभराहून अधिक लोक जमले आणि गोळीबारात पाच जण ठार झाले. वणव्याच्या धुरापासून दम्याच्या रुग्णांना दूर न्यायचे आहे, असे सांगून ते घर घेतले होते. त्यानंतर एअरबीएनबी कंपनीने अशा मेजवान्यांवर बंदी घातली. आधी का नाही, हे विचारणे आता व्यर्थ. भारतात अशा कंपन्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ आड उभ्या राहून 'आम्ही केवळ मध्यस्थ' असे म्हणू शकतात. दलाली घेताना मात्र त्या मध्यस्थ राहत नाहीत.

उपाय शोधताना दोन टोके टाळावी लागतील. पंढरपुरात वारीपुरत्या दोन खोल्या देणारी विधवा आणि दहा सदनिका चालविणारा व्यावसायिक यांना एकाच कागदाने बांधणे अन्यायाचे होईल. दुसरे, जबाबदारी म्हणजे पाहुण्याच्या खाजगी आयुष्याची झडती नव्हे. कोईम्बतूर येथे अविवाहित जोडपे आढळले म्हणून टाळे ठोकलेली सेवा-सदनिका मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये उघडावयास लावली. तो निकाल कोणाला रुचो वा न रुचो, पण मालकाचे काम शीलरक्षकाचे नाही, इतके त्यातून स्पष्ट झाले.

जो मालक घरी राहत नाही आणि जागा रात्रीच्या भावाने देतो, त्याची नोंदणी जिल्ह्यात झालीच पाहिजे. येणाऱ्या प्रत्येक प्रौढाचे ओळखपत्र प्रत्यक्ष पडताळणे, त्याच शहरात राहणारा एक उत्तरदायी माणूस नेमणे आणि शेजाऱ्यांची तक्रार आल्यावर तो तेथे पोहोचणे, एवढी तीन कामे त्याच्यावर असावीत. ती केली, तर पाहुण्याच्या गुन्ह्याचा डाग त्याला लागू नये. ती केली नाहीत आणि कोणी जखमी झाले वा दगावले, तर मोटारीच्या खटल्यातील तत्त्व येथेही लागू व्हावे. आपली चूक नव्हती हे त्यानेच सिद्ध करावे आणि दलाली घेणाऱ्या कंपनीनेही भरपाईचा वाटा उचलावा. गोव्यात पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा १९८२ पासून आहे. सोलापूरच्या आमदारांनी मुंबईत हा विषय मांडण्यास पुढच्या आषाढीची वाट पाहू नये.